सगळ्या देवांचं पाणी

जरा टेकू द्या मला, मग बोलतो. बुडाला पोचा आलाय, त्यामुळे सरळ उभं राहणं काही जमत नाही. टेकलो की आधी डुगडुगतो, मग कुठे जागेवर येतो. तुमच्याकडे मला तांब्या म्हणत असतील नाहीतर लोटा. आमच्या भंडाऱ्याकडे गडवा म्हणतात. पितळेचा गडवा मी. आता माझ्याकडे बघून कोणाला पितळ ओळखू येईल की नाही शंकाच आहे.

थकलोय, खोटं कशाला बोलू! एवढे देव फिरलो की एखाद्या साधूबुवालाही धाप लागावी. मंदिरं झाली, दर्गा झाला, विहार झाला, चर्च, गुरुद्वारा, जैनांचं देऊळ, काही म्हणून सोडलं नाही. आणि हे माझ्या हौसेनं नाही हो. गुणाबाई नेईल तिकडे जायचं आणि ती धरेल त्या धारेखाली तोंड करायचं, एवढंच माझ्या हातात होतं. हात तरी कुठे आहेत म्हणा मला!

माझा जन्म भंडाऱ्यातला, कासाराच्या घरचा. जन्मतानाच इतका मार खाल्ला की पुढे आयुष्यात कशाची भीती वाटली नाही. गुणाबाईच्या बापानं मला तिच्या लग्नात आंदण द्यायला घेतलं आणि दुकानातच काठावर टिंबाटिंबांनी नाव घालून घेतलं, 'गुणाबाई केवळराम'. नाव घालणाऱ्याचा हात 'राम'पाशी जरा घसरला, म्हणून तिथे एक टिंब जास्तीचं आहे. रंजूचं बोट अजून तिथेच अडतं. रंजू म्हणजे गुणाबाईची नात. तिच्यापर्यंत येतोच आहे, दम धरा.

केवळरामचं गाव वैनगंगेच्या काठावर होतं. माणूस ढिवर, नदीत जाळं टाकायचा, मासोळी विकायचा. घर लहान, पण आल्यागेल्याला आधी पाणी मिळायचं, ते माझ्यातून. सुखाचे दिवस होते. मग त्यांना पहिली लेक झाली, फुला.

फुला भारी बोलकी. पण चालायला लागली तशी तिचे हातपाय दुखायला लागले. डोळे पिवळे व्हायचे, अंगात ताप भरायचा. "माय, हाडात सुई टोचून राहिली वं," म्हणून रडायची. तेव्हा गावात या दुखण्याला नावच नव्हतं. कोणी नजर लागली म्हटलं, कोणी आणखी काही. गुणाबाईनं पोरगी कडेवर घेतली, मला हातात घेतलं आणि निघाली. आधी अड्याळचा मारुती. मग कोणी म्हणालं, दर्ग्यात जा, तर दर्ग्यात. कोणी म्हणालं, पवनीला जा, तर पवनीला. प्रत्येक ठिकाणी रीत एकच. मला पाण्यानं भरायचं, देवापुढे ठेवायचं, डोळे मिटून मागायचं, आणि त्यातलं तळहातभर पाणी लेकीला पाजायचं. बाकीचं जपून घरी आणायचं.

असंच एकदा लांबच्या देवाहून परत येताना गावाबाहेरच्या बोडीपाशी फुला हटून बसली. बोडी म्हणजे लहानसं तळं. "मले तहान लागली." गुणाबाईनं माझ्यातलं उरलेलं तीर्थ दुसऱ्या भांड्यात ओतलं आणि मला पोरीच्या हाती दिलं. पोरीनं मला बोडीत बुडवलं आणि घटाघटा प्याली. परत बुडवलं, परत प्याली. माझ्या काठाला ओठ तसेच ठेवून हसली आणि म्हणाली, "बरं वाटते, माय." त्या रात्री ती कण्हली नाही.

पण पुढच्याच आठवड्यात तापानं उचल खाल्ली आणि फुला गेली. लहान लेकराला आमच्यात माती देतात. नदीकाठी माती दिली तिला.

आता ऐका हं, गुणाबाईनं यातून काय काढलं ते. तिनं मनाशी पक्कं धरलं की देवाच्या पाण्यावर बोडीचं पाणी पाजलं, म्हणून देवाचं पाणी बाटलं, म्हणून पोरगी गेली. "माह्याच हातानं गेली," म्हणायची आणि कपाळ बडवून घ्यायची. 'बरं वाटते, माय' हे तिच्या कानांनी ऐकलेलं होतं. मीही ऐकलं होतं. पण दुःखात माणसाला नेमकं तेवढंच आठवत नाही. आणि मी कसा सांगणार? माझं तोंड एवढं मोठं, पण ते दुसऱ्यांनी भरायचं.

पुढे गोसीखुर्दचं धरण झालं. पाणी चढत चढत आलं आणि अख्खं गाव पोटात घेऊन बसलं. घरं गेली, बोडी गेली, फुलाची मातीही खाली गेली. आम्ही पुनर्वसनाच्या गावात आलो. सरळ रस्ते, सारखी घरं, दारात नळ. केवळराम त्याच पाण्यावर डोंगा घेऊन जातो आणि जाळं टाकतो. त्या एका जागी मात्र तो जाळं टाकत नाही. कोणाला सांगत नाही, नुसता डोंगा वळवतो. मासोळी मिळो न मिळो.

फुलाच्या पाठचा छोटू मोठा झाला, वरठीला कामाला लागला, चंदा सून म्हणून आली आणि मग रंजू झाली. पोरगी अगदी फुलाच्या वळणाची. एक दिवस अंगणात खेळता खेळता ती खाली बसली आणि म्हणाली, "आजी, हाडात सुई टोचून राहिली." गुणाबाईच्या हातातून मी पडलो. बुडाचा हा पोचा तेव्हाचा.

या वेळी दुखण्याला नाव मिळालं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं आणि सिकलसेल आहे म्हणून सांगितलं. नर्सबाई चांगली होती. गुणाबाईचा हात धरून म्हणाली, "आजी, रोज गोळी द्या. उन्हात नेऊ नका. आणि पाणी पाजत राहा, दिवसभर. तहानलेली राहू देऊ नका." चंदानं ते मनावर घेतलं. पोरीच्या गळ्यात प्लास्टिकची बाटली अडकवली ती कायमचीच. गुणाबाईनंही मान डोलावली. पण घरी येऊन मला चिंचेनं घासता घासता पुटपुटली, "पाणी? पाणी तं मी जल्मभर जमा करून राहिली."

आणि आमची वणवण पुन्हा सुरू झाली. फरक इतकाच की आता नेम कडक होता. देवाला जायच्या दिवशी त्या देवाचं पाणी पोटात जाईपर्यंत पोरीनं दुसरं पाणी घ्यायचं नाही. फुलाच्या वेळची चूक पुन्हा नको. आणि दुसरा नेम माझ्यासाठी: मला कधी रिकामं करायचं नाही. जुन्या पाण्यात नवं घालायचं. "सगळ्यायले एकत्र राहू दे, कोणी रुसाले नको," असं तिचं म्हणणं.

त्या फेऱ्यांमधलं काय काय सांगू! नागपूरला ताजबागेच्या दर्ग्यात एका म्हाताऱ्या बाबांनी माझ्या तोंडावर फुंकर घातली आणि गुणाबाईच्या डोक्यावर मोरपिसांचा कुंचा ठेवला. पवनीकडच्या विहारात भंतेजींनी परित्राण पाठ म्हटला, माझ्या गळ्याला पांढरा दोरा गुंडाळला आणि पाठ संपल्यावर आधी पोरीला विचारलं, "तहान लागली का ग?" पोरीनं आजीकडे पाहिलं आणि नाही म्हटलं. भंडाऱ्यातल्या चर्चमध्ये फादर जरा गोंधळले, म्हणाले आमच्यात असं काही नसतं माय. पण गुणाबाईचा चेहरा बघून त्यांनीही डोळे मिटले. रामटेकच्या जैन मंदिरात मूर्तीच्या अंघोळीचं पाणी मिळालं. तिथल्या बाईंनी बजावलं, हे प्यायचं नसतं, कपाळाला लावायचं. गुणाबाईनं त्यांच्यासमोर कपाळाला लावलं आणि पाठ वळताच दोन थेंब माझ्यात सोडले. गुरुद्वाऱ्यात तर सेवा करणाऱ्या सरदारजींनी मला सरळ नळाखाली धरलं. गुणाबाई घाबरली, म्हणाली, "बाबाजी, देवाचं पाणी पाह्यजे." ते हसले. "माताजी, पानी तो यही है. पहले बच्ची को पिलाओ." ती ओशाळली. पण आधी मला आत नेऊन माथा टेकवला, मगच पोरीला तळहातभर पाजलं.

माणसं सगळीकडे सारखीच बघितली मी. चपला काढतात, डोकं झाकतात, डोळे मिटतात आणि मागतात. मागताना ओठ कसे हलतात ते खालून मला दिसायचं. आणि खरं सांगतो, वाईट कोणीच भेटलं नाही. सगळ्यांनी दिलं ते मायेनंच दिलं. पण माझ्या पोटात ते सगळं साठून हिरवं पडलं होतं. पितळेत पाणी फार दिवस राहिलं की कळकतं. रंजू तळहातावरचं पाणी तोंडात घ्यायची, तोंड वेडंवाकडं करायची आणि आजीसाठी गिळायची. तिच्या गळ्यातली स्वच्छ पाण्याची बाटली त्या दिवशी घरी फळीवर असायची.

परवाच्या उन्हाळ्यात कोणीतरी गुणाबाईच्या कानावर घातलं की अड्याळच्या पुढे जंगलात टेकडीवर महादेव आहे, भर वैशाखातही तिथला झरा आटत नाही. झालं! चंदा उन्हाळी धानाच्या कापणीला गेली होती, छोटू कामावर. केवळराम ओसरीत जाळं शिवत होता. त्यानं विचारलं, "काहून नेऊन राहिली वं पोरीले एवढ्या उन्हात? नर्सबाईनं काय सांगतलं, इसरली का?"

"तुमी आपलं जाळं पाहा."

"फुलाच्या वक्ताले बी फिरलीच ना तू. कोणत्या देवानं धरून ठेवली तिले?"

गुणाबाई थांबली. पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "म्हणूनच तं जाऊन राहिली."

केवळरामनं सुई खाली ठेवली, पण उठला नाही. फुलाचं नाव तोंडातून गेलं की त्याच्या अंगातलं बळ जातं.

बसनं फाट्यावर उतरवलं. पुढे चालायचं होतं. मी काठोकाठ भरलेला, तोंडाला फडकं बांधलेलं, गुणाबाईच्या छातीशी. रंजू शेजारून चालत होती. आधी ती बडबडत होती, मग गप्प झाली, मग मागे पडायला लागली.

"आजी, थांब ना. टोंगळे दुखून राहिले." ती गुडघे धरून उभी राहिली.

"थोडंच राहिलं माय. ते पाह्य टेकडी."

"मले पाणी दे ना, आजी."

"देवाचं पाणी पोटात जाऊ दे. मंग पाह्यजे तेवढं पी."

रस्त्याच्या कडेला एक हातपंप होता, आमच्याकडे बोरिंग म्हणतात. त्याच्याजवळ मोहाचं झाड. रंजू झाडाखाली बसली ती उठेचना. ओठ पांढरे पडले होते. बोरिंगवर एक माणूस कॅन भरत होता, धनीराम नाव त्याचं, ते नंतर कळलं. तो म्हणाला, "माय, पोरगी कोमेजून राहिली. पाणी काहून नाई पाजत तिले?"

"नवस आहे, बाबा."

धनीराम गप्प झाला. नवस म्हटलं की आपल्याकडे माणूस गप्पच होतो. तहान दिसत असते, बोरिंग समोर असतं, पण देवाच्या आणि माणसाच्या मध्ये कोण पडणार! तो परत दांडा मारायला लागला. पाणी कॅनमध्ये पडत होतं आणि रंजू त्या धारेकडे नुसती बघत होती.

माझी काय अवस्था झाली असेल! एवढा भरलेला मी आणि लेकरू कोरडं. गुणाबाईनं पोरीचे पाय चोळायला मला खाली ठेवलं. मला येतं ते मी केलं. डुगडुगलो. हा पोचा त्या दिवशी कामी आला. फडक्यातून थोडं पाणी सांडलं, रंजूच्या हातावर. पोरीनं हात तोंडाकडे नेला.

"नको!" गुणाबाईनं तिचं मनगट धरलं. "तेवढ्यानं नेम मोडते, माय. अजून महादेव व्हायचा आहे."

रंजू रडलीसुद्धा नाही. रडायला अंगात काही नव्हतं. तिनं आजीकडे बघून विचारलं, "फुलाआत्यालेबी तू असंच धरलं होतं का?"

"नाई वं माय," गुणाबाई म्हणाली. "तिले पिऊ देल्लं होतं मी. बोडीवर. पोटभर पेली ते."

"मंग काय म्हणे ते?"

गुणाबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. "बरं वाटते म्हणे..." आणि तिथेच थांबली. आपलंच बोलणं तिनं आत्ता पहिल्यांदा ऐकलं होतं. "बरं वाटते, माय, असं म्हणे माही फुला," ती परत म्हणाली, आणि रंजूचं मनगट तिनं सोडलं.

मग तिनं मला उचललं. फडकं ओरबाडून काढलं आणि मला उपडं केलं. सगळं गेलं. मारुतीचं, दर्ग्याचं, विहाराचं, चर्चचं, गुरुद्वाऱ्याचं, रामटेकचे ते दोन थेंब, सगळं मोहाच्या मुळाशी. धनीराम बघतच राहिला. गुणाबाई आभाळाकडे तोंड करून ओरडली, "रागवाचं तं माह्यावर रागवा रे बाबांनो! माह्यावर! या पोरीले हात नका लावू!"

आणि मला बोरिंगखाली धरलं. धनीरामनं न सांगता दांडा मारला. काय थंड धार होती ती! किती वर्षांनी पोट स्वच्छ झालं माझं. रंजूनं दोन्ही हातांनी मला धरलं आणि प्याली. मी रिकामा झालो, परत भरलो, परत रिकामा झालो. गुणाबाईनं पदर ओला करून पोरीच्या डोक्यावर ठेवला. "पी माय, पी," एवढंच म्हणत होती. मलाही रडू आलं असतं, पण आमचं रडणं लोकांना ओल धरली असं वाटतं.

धनीरामनं दोघींना मोटरसायकलवर घेतलं आणि आधी अड्याळला नेलं. तिथून गाडीनं भंडाऱ्याला. सलाइन लागलं. चंदा धान टाकून धावत आली, तिच्या केसांत अजून पेंढ्याची तणस होती. तिनं गुणाबाईच्या हातातून मला घेतलं, नळावर भरलं आणि रंजूच्या उशाशी ठेवलं. गुणाबाई पायथ्याशी जमिनीवर बसून राहिली. बऱ्याच वेळानं चंदानंच तिला चहा आणून दिला.

रंजू घरी आली. बरी झाली असं म्हणणार नाही. हे दुखणं जाणारं नाही, सांभाळत राहायचं आहे. पण तशी कळ परत आलेली नाही. शाळेत बाटली नेते, घरी माझ्यातून पिते. गुणाबाईचे टोंगळे आता साथ देत नाहीत, त्यामुळे लांबचं फिरणं बंद. देवांशी तिचं भांडण झालेलं नाही बरं का. ओसरीतूनच सगळ्यांना हात जोडते, एकेकाचं नाव घेऊन. मग दिवसभर तिचा एकच जप, "रंजू, पाणी पेली का?" आणि पोरगी आतून वैतागून ओरडते, "पेली ना वं आजी! किती पाजशीन?"

आता माझं म्हणाल, तर बुडाला बारीक भोक पडलंय. भरलो की थेंब थेंब गळतो. छोटू म्हणाला, हा मोडीत देऊन टाकू, स्टीलचा चांगला आणू. खरं आहे त्याचं. मला राग नाही. पितळ वितळतं आणि पुन्हा काहीतरी होतं, आमच्यात मरणाचं एवढं काही नसतं. दमलोय मी, भट्टीतही झोप लागेल. फक्त एक मागणं आहे. जल्मभर दुसऱ्यांचं मागणं वाहिलं, एकदा माझंही ऐका. गुणाबाई आहे तोवर मला मोडीत देऊ नका.

कारण सकाळचं एक काम अजून माझ्याकडे आहे. उजाडलं की ती मला नळावर भरते आणि काठी टेकत धरणाच्या पाण्यापर्यंत येते. मी गळतो, म्हणून घाई करते; आमच्या मागे रस्त्यावर ओल्या थेंबांची रांग राहते. काठाशी उभी राहून ती त्या जागेकडे बघते, जिथे केवळराम डोंगा वळवतो. एवढ्या मोठ्या पाण्याखाली तिची लेक निजली आहे. आणि ती त्या पाण्यात माझ्यातलं नळाचं पाणी हळूहळू ओतते.

"पी, माही माय," म्हणते. "पोटभर पी. आता कोणी काही म्हणत नाई."

मग मला झटकते आणि रंजूसाठी भरायला नळावर परत येते.